क्लॉडिया जोन्स: कार्निव्हल मोठा की पेपर?

लंडनची_मावशी | मंगळ, २७/०८/२०२४ - २१:१४

काल नॉटिंग हिल कार्निव्हल, लंडनमधला कॅरिबियन लोकांचा रस्त्यावरचा उत्सव, संपला. आज ऑफिसात दिवसभर तोच विषय: किती अटका, किती कचरा, कोणाच्या दारात कोणी काय केलं. एकाने ठासून सांगितलं की हे सगळं साठच्या दशकातल्या हिप्पींचं खूळ. तिथे वाद घालायची सोय नव्हती, म्हणून इथे लिहितेय.

क्लॉडिया जोन्स हे नाव किती जणांना माहीत आहे? जन्म २१ फेब्रुवारी १९१५, पोर्ट ऑफ स्पेन, ट्रिनिदाद. कोकोचे भाव कोसळले, घरची घडी विस्कटली, आईवडील न्यूयॉर्कला गेले आणि १९२४ साली मुलीही मागोमाग हार्लेममध्ये पोचल्या. आई शिवणकामाच्या कारखान्यात राबायची, ती काही वर्षांतच गेली. क्लॉडियाला सतराव्या वर्षी क्षय झाला आणि जवळजवळ वर्ष सॅनिटोरियममध्ये गेलं. फुप्फुसं आणि हृदय त्यानंतर कधीच धड झाली नाहीत. शाळा संपल्यावर लाँड्रीत काम, दुकानात काम. १९३६ मध्ये कम्युनिस्टांच्या युवक संघटनेत. पुढे पत्रकार, संपादक, पक्षातली मोठी नेती. मग अटका, खटला, १९५५ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या अल्डरसनच्या बायकांच्या तुरुंगात रवानगी आणि सुटल्यावर हद्दपारी.

हद्दपार करायचं कुठे? जन्मगावी, ट्रिनिदादला. तिथल्या ब्रिटिश गव्हर्नरला ही ब्याद नको होती. पण वसाहतीत जन्मलेली म्हणून ती ब्रिटिश प्रजा, त्यामुळे इंग्लंडला तिला घ्यावंच लागलं. १९५५ च्या डिसेंबरात, चाळिशीची, आजारी, खिशात फारसं काही नाही, अशी ती लंडनला आली. २४ डिसेंबर १९६४ ला गेली. म्हणजे हातात नऊ वर्षं. त्यात मार्च १९५८ मध्ये ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ काढलं, ब्रिक्स्टनमध्ये एका रेकॉर्डच्या दुकानाच्या वर. त्याच ऑगस्टअखेर नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या पोरांच्या टोळ्यांनी कॅरिबियन लोकांवर हल्ले केले. त्याला उत्तर म्हणून ३० जानेवारी १९५९ ला सेंट पँक्रास टाउन हॉलमध्ये तिने कार्निव्हल भरवला. भर थंडीत आणि चार भिंतींत!

सगळीकडे तिला ‘कार्निव्हलची आई’ म्हणतात. माझं मत जरा वेगळं आहे. कार्निव्हल तिच्याविनाही कोणीतरी केला असता. पेपर केला नसता. तिला समाजाची नेती केलं ते पेपरने. पटतंय का? नसेल तर का नाही?

गोट्या७७ | मंगळ, २७/०८/२०२४ - २१:४०

जागा धरून ठेवतो. पॉपकॉर्न कोण आणतंय?

शनिवारपेठी | मंगळ, २७/०८/२०२४ - २२:२५

मावशी, ‘कार्निव्हलची आई’ या पदावर दुसरीही उमेदवार आहे. आज रस्त्यावर जो होतो तो ऑगस्टातला कार्निव्हल १९६६ पासूनचा. तो सुरू केला र्‍होन लॅसलेट या समाजसेविकेने, मुलांच्या जत्रेच्या रूपात. त्यात रसेल हेंडरसनच्या स्टील बँडने वाजवता वाजवता रस्ता धरला आणि माणसं मागे चालू लागली. तेव्हा जोन्सबाई जाऊन पावणेदोन वर्षं होत आली होती. एक म्हणतो सभागृहातला धरा, दुसरा म्हणतो रस्त्यावरचा धरा.

आम्हा पुणेकरांना हा वाद पाठ आहे. भाऊसाहेब रंगारी १८९२ की टिळक १८९३? २०१७ साली उत्सवाचं १२५ वं वर्ष की १२६ वं यावरून जो काही धुरळा उडाला तो बघता लंडनकर फारच सभ्य म्हणायचे.

लंडनची_मावशी | मंगळ, २७/०८/२०२४ - २२:४८

@शनिवारपेठी, म्हणूनच म्हणते की कार्निव्हल कोणी ना कोणी केलाच असता!

मधुमालती | बुध, २८/०८/२०२४ - ०७:३०

रोचक. वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका: जानेवारीत का? ऑगस्टात छान हवा असते की.

बोटीवरचा_बंडू | बुध, २८/०८/२०२४ - ०९:०५

मधुमालतीताई, ट्रिनिदादचा कार्निव्हल ख्रिस्ती लेंटच्या उपासांआधीचे दोन दिवस, सोमवार-मंगळवार, असतो. फेब्रुवारी नाहीतर मार्चची सुरुवात. जोन्सबाईंनी त्याच हंगामाचा मुहूर्त धरला. तिकडे तेव्हा तीस अंश, इकडे ओव्हरकोट. मग सभागृहाशिवाय पर्याय काय?

मी ट्रिनिदादात नोकरीला होतो, पॉइंट लिसासच्या बाजूला. खरा कार्निव्हल बघायचा तर ‘जुवे’ बघावा. सोमवारी पहाटे अंधारात लोक अंगाला चिखल, रंग, तेल, काहीही फासून रस्त्यावर येतात. कोण साहेब, कोण शिपाई, ओळखू येत नाही. उजाडेपर्यंत अख्खं गाव एका रंगाचं. माझा शर्ट नंतर गाडी पुसायलासुद्धा चालला नाही.

त्याचं मूळ गुलामगिरी संपल्यावरच्या मशालींच्या मिरवणुकांत आहे. १८८१ मध्ये पोलिसांनी त्या अडवल्या तेव्हा दंगल झाली आणि पुढे ढोलावर बंदी आली. ढोल नाही तर बांबू आपटा, बांबू नाही तर डबे बडवा, असं करत शेवटी तेलाच्या पिंपातून स्टील पॅन आलं. १८८४ मध्ये तिथल्या ऊसमळ्यांवरच्या आपल्या लोकांनी मोहरमची मिरवणूक बंदी मोडून काढली तर सॅन फर्नांडोत गोळीबार झाला, माणसं मेली. तिकडे मोहरमला ‘होसे’ म्हणतात आणि ताबूत वाहण्यात हिंदूही असत. तेव्हा ‘कार्निव्हल म्हणजे नाचगाणं, राजकारण कशाला’ असं म्हणणाऱ्याने ट्रिनिदादचा इतिहास वाचलेला नसतो. त्या बाईच्या कानावर हे सगळं घरातूनच पडलं असणार.

ठसका | बुध, २८/०८/२०२४ - ०९:३१

बंडूशेठ, शर्टाचा फोटो टाका.

खडूस_आजोबा | बुध, २८/०८/२०२४ - ११:१०

सगळे आरत्या ओवाळताहेत म्हणून थोडं मीठ टाकतो. बाई कम्युनिस्ट होत्या, नुसत्या सभासद नव्हे तर अमेरिकन पक्षाच्या वरच्या फळीत. हा तोच पक्ष, जो जून १९४१ पर्यंत ‘हे युद्ध आमचं नाही’ म्हणत होता आणि हिटलर रशियावर चालून गेल्याबरोबर एका रात्रीत ‘हे युद्ध आमचंच’ म्हणू लागला. बाईंनी दोन्ही बाजूंनी तितक्याच जोरात लिहिलं. स्टालिनच्या छावण्यांबद्दल कधी ब्र काढला? शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिकेने अशा माणसाला बाहेर काढलं तर त्यात एवढं आश्चर्य कसलं? आपल्याकडेही १९४८ नंतर कम्युनिस्टांना तुरुंगात टाकलंच होतं की, नेहरूंच्याच राज्यात.

समाजकार्य मान्य. देवत्व अमान्य.

डावखुरा | बुध, २८/०८/२०२४ - १३:५२

आजोबा, देवत्व कोणी दिलंय? युद्धाबद्दलच्या कोलांटउडीचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. पण तिला शिक्षा त्या उडीबद्दल झाली नाही. सरकार उलथवण्याचा प्रचार गुन्हा ठरवणाऱ्या स्मिथ कायद्याखालच्या खटल्यात तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून काय होतं? लेख आणि भाषणं. बॉम्ब नाही, बंदूक नाही. जानेवारी १९५३ मध्ये दोषी ठरवलं आणि एक वर्ष एक दिवसाची शिक्षा दिली. पुढे १९५७ मध्ये अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याला असा लगाम घातला की असले खटले जवळपास थांबले. तोवर ही लंडनमध्ये.

आता ज्यासाठी ती मला मोठी वाटते ते सांगतो. १९४९ मध्ये तिने पक्षाच्या मासिकात काळ्या बायकांवर एक लांबलचक लेख लिहिला. रोख सरकारवर होताच, पण पक्षातल्या गोऱ्या साथींवरही होता. मुद्दा असा, की काळी बाई कामगार म्हणून नाडली जाते, काळी म्हणून नाडली जाते आणि बाई म्हणूनही. हे तिन्ही वेगळे करून ‘आधी वर्गाचं बघू, बाकी मागून’ म्हणणं चालणार नाही. घरकाम करणाऱ्या बायकांना संघटनेत कोणी विचारत नाही, समतेच्या गप्पा मारणाऱ्यांच्या घरीही मोलकरणीला मोलकरणीसारखंच वागवतात, हे तिने तोंडावर सांगितलं. जॉर्जियातल्या रोझा ली इंग्रॅम या कूळ बाईला दोन मुलांसकट फाशीची शिक्षा झाली होती. तिच्यावर अतिप्रसंग करू पाहणारा गोरा शेजारी झटापटीत मेला म्हणून. पुढे फाशीची जन्मठेप झाली. त्या प्रकरणाचा या लेखात ठळक उल्लेख आहे.

आपल्याकडच्या चळवळीत ‘आधी वर्ग की आधी जात’ यावर किती हयाती गेल्या ते आठवा. तिसरं म्हणजे बाई, ते तर अजेंड्यावर यायलाच किती वर्षं लागली.

खडूस_आजोबा | बुध, २८/०८/२०२४ - १४:२०

लेखाचा मुद्दा चांगला आहे. छावण्यांचं उत्तर अजून आलं नाही.

डावखुरा | बुध, २८/०८/२०२४ - १४:३३

कारण माझ्याकडे नाही. ती शेवटपर्यंत रशिया-चीनची पाठराखीण होती. १९६४ मध्ये चीनला जाऊन माओला भेटून आली. ते तिच्या खात्यावरच राहू दे.

विभावरी_ना | बुध, २८/०८/२०२४ - २१:०२

डावखुरा यांना अनुमोदन, पण मला एक गोष्ट खटकते. तिच्या कार्निव्हलमध्ये सौंदर्यस्पर्धा होती! ‘कार्निव्हल क्वीन’. बायकांच्या तिहेरी शोषणावर लिहिणारी बाई आणि वर रॅम्पवर मुली?

मधुमालती | बुध, २८/०८/२०२४ - २१:४५

विभावरी, मी आज दिवसभर तेच वाचत बसले होते (पोळ्या करपल्या, धाग्याला जबाबदार धरलं आहे). १९५९ च्या लंडनमध्ये काळ्या बाईला कोणी सुंदर म्हणत होतं का? मासिकांत गोरी, सिनेमात गोरी, साबणाच्या जाहिरातीत गोरी. त्या सभागृहात सावळ्या-काळ्या मुली टाळ्यांच्या गजरात मंचावर चालल्या आणि कार्यक्रमाचे भाग बीबीसीने दाखवले. आपल्या वधू-वर सूचक जाहिरातींत ‘गोरी, सडपातळ’ अजून सुटत नाही, मग साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या तिला का धारेवर धरायचं?

विभावरी_ना | बुध, २८/०८/२०२४ - २२:१०

हो, पण मग ‘सुंदर’ ठरवायची मोजपट्टी बदलली, स्पर्धा तीच राहिली ना. अर्धंच पटलं.

परदेशी_पाटील | गुरु, २९/०८/२०२४ - ०४:१८

(न्यू जर्सीहून, म्हणून ही भुताची वेळ.)

मला यातलं राजकारण कमी कळतं, पण एक आकडा डोक्यातून जाईना. नऊ वर्षांची पोर म्हणून आली, चाळिसाव्या वर्षी हाकलली. तीस वर्षांहून जास्त काळ ती अमेरिकेतच वाढली. शाळेत असताना चांगल्या नागरिकत्वासाठी रूझवेल्टच्या नावाचं पारितोषिक मिळवलं आणि त्याच मुलीला नागरिकत्व मात्र नाकारलं! मग १९५२ चा मॅकॅरन-वॉल्टर हा स्थलांतर कायदा आला आणि हद्दपारीचा रस्ता मोकळा झाला.

आमच्या गल्लीत मराठी पोरं आहेत. दोन-तीन वर्षांची असताना आईबापांच्या कामाच्या व्हिसावर आली. ग्रीन कार्डाच्या रांगेत बापाचा नंबर येईना आणि पोर एकवीसचं झालं की ते त्या व्हिसातून बाहेर. मग विद्यार्थी व्हिसा, नाहीतर परत. परत कुठे? ज्या गावाचं नाव त्याला नीट उच्चारता येत नाही तिथे. त्या पोरांनी कुठल्या पक्षाचं कार्डही घेतलेलं नाही.

हलके घ्या म्हणत नाही. जड घ्या.

शनिवारपेठी | गुरु, २९/०८/२०२४ - ०९:१२

पाटील, याच्या नेमकं उलट उदाहरण आपल्या मुंबईचं आहे. शापुरजी सकलातवाला, जमशेटजी टाटांचे भाचे. लंडनच्या बॅटरसी नॉर्थमधून १९२२ मध्ये खासदार झाले आणि पुढे कम्युनिस्ट म्हणून निवडून आले. १९२५ मध्ये अमेरिकेने त्यांचा व्हिसा रद्द केला. १९२७ मध्ये हिंदुस्थानचा दौरा केला, लोकांनी डोक्यावर घेतलं, त्यानंतर ब्रिटिश सरकारने त्यांना परत हिंदुस्थानात पाऊल ठेवू दिलं नाही. विलायतच्या पार्लमेंटात बसलेला माणूस, पण स्वतःच्या गावी बंदी. जोन्सबाईंना ट्रिनिदादची दारं बंद झाली ते त्याच वहिवाटीने.

बाळकोबा | गुरु, २९/०८/२०२४ - १०:४०

लंडनला गेलो होतो तेव्हा हायगेटच्या दफनभूमीत मार्क्सची समाधी बघायला गेलो. तिकीट आहे! भांडवलशाहीने म्हाताऱ्यालाही सोडलं नाही. मार्क्सच्या डाव्या हाताला अगदी लागून क्लॉडिया जोन्सचा दगड आहे, तो १९८४ मध्ये बसवलेला. तोवर वीस वर्षं तिथे नावाचा दगडच नव्हता. जवळपास युसुफ दादूही आहेत, दक्षिण आफ्रिकेतले आपल्या मुळाचे पुढारी.

तिथून चालत क्रॉमवेल अव्हेन्यूवर ६५ नंबरचं घर. इंडिया हाऊस! श्यामजी कृष्ण वर्मांचं वसतिगृह, सावरकर राहायचे ते. एका दुपारी मार्क्स आणि सावरकर दोन्ही उरकले.

गोट्या७७ | गुरु, २९/०८/२०२४ - १०:४४

आला! धाग्याचं काश्मीर व्हायला सुरुवात. आता दोनशे प्रतिसाद कुठे जात नाहीत.

सदाशिवसुत | गुरु, २९/०८/२०२४ - १०:५८

‘उरकले’ या शब्दाला तीव्र आक्षेप.

ठसका | गुरु, २९/०८/२०२४ - ११:०३

दोघांच्याही वतीने का एकाच्याच?

संपादक मंडळ | गुरु, २९/०८/२०२४ - ११:३०

इंडिया हाऊसवर दुसरा धागा आहे, तिकडे जावे. या विषयावरचे इथले पुढचे अवांतर प्रतिसाद उडवले जातील.

बोटीवरचा_बंडू | गुरु, २९/०८/२०२४ - १९:२०

अवांतर चालतंच असेल तर क्रिकेटचं चालवा ना! ट्रिनिदादात टॅक्सीवाल्याला कळलं की आपण मुंबईकडचे, की पहिला शब्द ‘गावस्कर’. १९७१ ची मालिका, चार कसोटीत ७७४ धावा, त्यातले १२४ आणि २२० एकाच सामन्यात, पोर्ट ऑफ स्पेनलाच. तिथल्या कॅलिप्सो गायकाने त्याच्यावर गाणं केलं, ते म्हाताऱ्यांना अजून पाठ आहे. हरवणाऱ्यावर गाणं करणारे लोक आहेत हे.

१९५० ला वेस्ट इंडीजने लॉर्ड्सवर इंग्लंडला पहिल्यांदा हरवलं, रामाधीन आणि व्हॅलेंटाइनच्या फिरकीवर. रामाधीन म्हणजे ट्रिनिदादचा, आपल्याच मुळाचा. सामना संपल्यावर लॉर्ड किचनर हा कॅलिप्सो गायक गिटार घेऊन लोकांना मिरवत घेऊन गेला. हाच किचनर २२ जून १९४८ ला ‘विंडरश’ बोटीतून टिल्बरीला उतरला होता. म्हणजे जोन्सबाई येण्याच्या आधीच लंडनच्या रस्त्यावर कॅरिबियन मिरवणूक निघून गेली होती. आता सांगा, आई कोण?

शनिवारपेठी | गुरु, २९/०८/२०२४ - १९:४४

रंगारी, टिळक आणि आता किचनर. मानाचे पाच होईपर्यंत थांबू नका.

खडूस_आजोबा | गुरु, २९/०८/२०२४ - २०:१५

गणपतीचं साम्य शनिवारपेठी यांनी अर्धंच सांगितलं. १८९३ च्या ऑगस्टात मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली आणि त्यानंतरच्या वर्षी पुण्यात सार्वजनिक उत्सवाने जोर धरला, मोहरमच्या ताबुतांना पर्याय म्हणून. इथेही आधी दंगल, मग उत्सव. पण जोन्सबाईंनी कार्यक्रमपत्रिकेच्या विक्रीतला काही भाग नॉटिंग हिलच्या प्रकरणात अडकलेल्या पोरांचे दंड भरायला ठेवला आणि तोही काळ्या आणि गोऱ्या दोन्ही पोरांसाठी. कार्यक्रमपत्रिकेतच तसं छापलं होतं.

मी बाईंच्या पक्षाचा विरोधक, पण हे वाचून थबकलो.

डावखुरा | गुरु, २९/०८/२०२४ - २०:२१

आजोबांना दंडवत. स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

रेवा_कु | शुक्र, ३०/०८/२०२४ - १५:०५

चर्चा फारच लांब गेली, मावशींचा प्रश्न पेपरचा होता. मी काही काळ एका छोट्या साप्ताहिकात काम केलंय, तेव्हा त्या बाजूने बोलते.

असला पेपर चालवणं म्हणजे काय हे बाहेरून कळत नाही. जाहिरातदार मोठे नसतात. न्हाव्याचं दुकान, प्रवासी एजंट, केसांचं तेल, मालवाहू बोटीची कंपनी, यांच्याकडे महिन्याला खेटे घालायचे. छापखान्याची उधारी कायम. गॅझेटचंही तेच होतं. लिहिणारे कोण? डोनाल्ड हाइंड्स जमैकाहून आलेला, पोटापाण्यासाठी लंडनच्या बसवर कंडक्टर, आणि ड्युटी संपली की गॅझेटसाठी लिहायचा. सॅम किंग विंडरशवरून आलेला, तो वितरण बघायचा. पुढे १९८३ मध्ये सदर्कचा पहिला काळा महापौर झाला. आणि तिचा जोडीदार अभिमन्यू मनचंदा, हिंदुस्थानातून आलेला, तोही या पेपरचा खांब. म्हणून मास्टहेडवर पुढे ‘आफ्रो-एशियन’ हाही शब्द आला. आपल्याला हे नातं कोणी सांगितलं नाही. कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेच्या नावाने कार्यालयात धमकीची पत्रं यायची.

आत छापून काय येत होतं? वेस्ट इंडीज बेटांच्या फेडरेशनच्या बातम्या, आफ्रिकेतले स्वातंत्र्यलढे, आणि इकडे लंडनमध्ये कोणाला घर नाकारलं, कोणाला नोकरी. बँक कर्ज द्यायची नाही, म्हणून लोक ‘पार्डनर’ नावाची भिशी लावून घरं घ्यायचे. मे १९५९ मध्ये अँटिग्वाचा सुतार केल्सो कॉक्रन नॉटिंग हिलमध्ये रस्त्यावर भोसकला गेला. पोलिस म्हणाले लुटीचा प्रकार, वर्णद्वेष नाही. आजतागायत कोणाला शिक्षा नाही. तेव्हा पेपर हातात होता म्हणून जोन्सबाईंना आणि एमी ॲशवुड गार्वींना लोक एकत्र करता आले, अंत्ययात्रेला हजारावर माणूस आला. १९६२ चा राष्ट्रकुल स्थलांतर कायदा आला, ज्याने आपल्याही लोकांची विलायतेची वाट व्हाउचरवर आणली, त्याच्याविरुद्ध रान उठवणाऱ्यांत गॅझेट होतंच. ऑगस्ट १९६३ मध्ये वॉशिंग्टनच्या नागरी हक्क मोर्चाला पाठिंबा म्हणून लंडनमध्ये अमेरिकन वकिलातीवर मोर्चा निघाला, त्यातही ती पुढे.

म्हणून मावशींना माझं मत.

तात्पुरता | शुक्र, ३०/०८/२०२४ - १६:३७

रेवाताई, तुमचं सगळं मान्य करून उलट निष्कर्ष काढतो. ती गेली आणि पुढच्याच वर्षी गॅझेट बंद पडलं. कार्निव्हल मात्र तिच्यानंतर वाढतच गेला, आज तिथे लाखोंनी माणसं येतात. पेपर तिच्या एकटीच्या खांद्यावर होता. मग मोठं काम कोणतं? जे मागे उरलं ते की जे तिच्याबरोबर संपलं ते?

आमच्या इथल्या मंडळातही हेच बघतो. दिवाळी अंक एका काकूंच्या जिवावर चालायचा. त्या भारतात परत गेल्या आणि अंक बंद. गणपती मात्र चालूच, दर वर्षी नवी भांडणं, नवी समिती, पण चालू.

रेवा_कु | शुक्र, ३०/०८/२०२४ - १७:१०

पेपर बंद पडला, पण तिथे तयार झालेला माणूस महापौर झाला. ते कुठल्या खात्यात धरणार?

तात्पुरता | शुक्र, ३०/०८/२०२४ - १७:२६

किंग कार्निव्हलच्या कामातही होताच की. दोन्ही खात्यांत निम्मा निम्मा.

परदेशी_पाटील | शनि, ३१/०८/२०२४ - ०३:५०

मला वाटतं, त्या नऊ वर्षांत तिने दोन्ही एकमेकांशिवाय केलेच नसते. कार्निव्हल गॅझेटच्याच नावाने व्हायचा. दंगलीची बातमी छापणारे तेच, सभागृहाचं बुकिंग करणारे तेच, तिकिटं विकणारे तेच. आपण बसलोय वाटण्या करत.

लंडनची_मावशी | शनि, ३१/०८/२०२४ - ११:२०

तात्पुरता यांचा मुद्दा जबरदस्त आहे, तरी माझं मत बदललं नाही. दरवर्षी कार्निव्हलला येणाऱ्या लाखोंपैकी किती जणांना तिचं नाव माहीत असतं? ऑफिसातल्या त्या शहाण्याला नव्हतं. १९६२ च्या कायद्याला विरोध का केला होता, हे मात्र २०१८ मध्ये पुन्हा सगळ्यांना कळलं. विंडरश पिढीची, म्हणजे त्या बोटीपासून पुढे कॅरिबियनमधून आलेली माणसं, पोरवयात आलेली, आयुष्यभर इथे कर भरलेली, त्यांना कागद नाहीत म्हणून नोकरीवरून काढलं, दवाखान्यात अडवलं, काहींना विमानात बसवून पाठवून दिलं. गृहमंत्रीणबाईंना राजीनामा द्यावा लागला. त्या दिवसांत मला गॅझेटसारखा पेपर आठवत होता, स्टील बँड नव्हे.

@बाळकोबा, गेल्या वर्षी व्हॉक्सहॉलला मेडो रोडवर ती राहायची त्या घरावर निळी पाटी लागली. तिथे तिकीट नाही.

विभावरी_ना | शनि, ३१/०८/२०२४ - १२:०२

मावशी, पाटीवर काय लिहिलंय? कार्निव्हल की पेपर?

लंडनची_मावशी | शनि, ३१/०८/२०२४ - १२:०९

पुढच्या शनिवारी जाऊन बघते आणि फोटो टाकते. मला अडचणीत आणणारं काही लिहिलेलं असेल तर फोटो हलला असं समजा.

खडूस_आजोबा | शनि, ३१/०८/२०२४ - १२:३०

पुढच्या शनिवारी गणपती आहेत. कोण जातंय पाटी बघायला! हे माझं शेवटचं पोस्ट.

मधुमालती | शनि, ३१/०८/२०२४ - १४:१५

बंडूदादा, ट्रिनिदादला रस्त्यावर ते दोन बाऱ्यांमध्ये छोले घालून देतात ना, डबल्स? पीठ मैद्याचंच का? हळद किती?

बोटीवरचा_बंडू | शनि, ३१/०८/२०२४ - १४:४०

मैदाच, यीस्ट घालून, पीठ सैल भिजवायचं, हाताला तेल लावूनच थापायचं. वर चिंचेची आंबट चटणी आणि ती भयंकर मिरची. पाककृती विभागात टाकतो, इथे लिहिलं तर संपादक उडवतील.